संग्रहालयात पाहुणे नसतात

तिकीट काढायचं, आत जायचं, सासऱ्यांना त्यांची लहानपणीची खाट दाखवायची आणि जेवायच्या वेळेला घरी परत यायचं. बेत एवढाच होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर लोक विचारतात, अहो स्वेतोझार, तुम्ही पाणीपुरवठ्यात सुपरिंटेंडेंट होता, तुम्हाला आधी कळलं कसं नाही? पाणीपुरवठ्यात एक बरं असतं. चावी फिरवली की पाणी थांबतं. सासऱ्यांना अशी चावी नसते.

त्यात मी घरजावई. आमच्या मोरावा नदीकाठच्या गावात घरजावयाला तोंडावर कोणी टाकून बोलत नाही. फक्त मी दार उघडलं की माझ्या खांद्यावरून आत बघत विचारतात, "घरात कोणी आहे का?" इतक्या वर्षांत मला त्याची सवय झालेली आहे. निदान बायकोला, म्हणजे नेवेंकाला, मी तसं सांगतो.

सासऱ्यांचं नाव ग्लिशा. वय ऐंशीच्या पुढे, एक गुडघा कामातून गेलेला, कान मात्र नको तिथे तिखट. लढाईत आईबाप गेले, आणि पुलाजवळच्या पिवळ्या इमारतीत, अनाथाश्रमात, ते वाढले. आश्रम पुढे बंद पडला. मग तिथे बियाण्यांचं गोदाम आलं, गोदाम गेल्यावर कबुतरं आली, आणि अलीकडे नगरपालिकेने कबुतरं हाकलून गावाच्या इतिहासाचं छोटंसं संग्रहालय केलं. माडीवर जुनी नाणी, एक नांगर आणि कुणाला न आठवणाऱ्या एका सेनापतीची टोपी. खाली आश्रमाचं जेवणघर आणि झोपायची खोली, होती तशी मांडून ठेवलेली. संग्रहालय उघडल्यापासून ग्लिशाबाबा त्या रस्त्याने जायचे टाळत होते. आणि एके दिवशी घेवड्याचं जेवण चालू असताना म्हणाले, "जावईबापू, निकोलाच्या दिवशी मला तिकडे न्या."

मी हो म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संत निकोलाचा दिवस म्हणजे काय, तर डिसेंबरात येणाऱ्या त्या दिवशी अर्ध्या सर्बियाच्या घरी स्लावा असते आणि उरलेला अर्धा तिकडे जेवायला जातो. स्लावा म्हणजे घराच्या संताचा दिवस. तो बापाकडून मुलाकडे येतो, वावराच्या तुकड्यासारखा. माझ्या घरचा संत थोरल्या भावाकडे राहिला. घरजावयाने बायकोच्या घरचा संत धरायचा, असा रिवाज. आणि बायकोच्या घरी संतच नव्हता, कारण ग्लिशाबाबांना तो द्यायला बापच नव्हता. अख्ख्या गल्लीत बिनसंताचं घर आमचं एकट्याचं. दर निकोलाला म्हातारा काळा सूट चढवायचा, काखेत बाटली मारायचा आणि घरोघर पाहुणा म्हणून जायचा. शेजारच्या व्लास्ताकडे तर सकाळी पहिला पाहुणा हाच.

म्हणून मी म्हटलं, बाबा, निकोलाला कशाला, तुमची फेरी चुकेल. तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला आणि पेर्साची गोष्ट सांगितली. लग्नानंतर इतकी वर्षं त्या घरात जेवलो, पण ती मी पहिल्यांदा ऐकत होतो.

पेर्सा ही आश्रमाची स्वयंपाकीण. ते दिवस कम्युनिस्ट राजवटीचे, संताबिंताचं नाव काढायची सोय नव्हती आणि आश्रम तर सरकारी. पण पेर्साचं म्हणणं, घर म्हटलं की त्याला एक दिवस हवाच. म्हणून निकोलाच्या दिवशी ती एक मोठा गोल पाव भाजायची. मेणबत्ती नाही, प्रार्थना नाही, नुसता सगळ्या पोरांनी हात लावून फिरवायचा आणि मोडायचा. एकदा नेमका त्याच दिवशी वरून तपासनीस आला. हे काय चाललंय, म्हणाला. पेर्सा म्हणाली, पिठाची तपासणी चाललीय, आणि त्याच्याही हातावर तुकडा ठेवला. त्याने तो खाल्ला, पीठ उत्तम आहे असं सांगून गेला, आणि पुढल्या वर्षी बरोबर त्याच दिवशी पुन्हा तपासणीला हजर झाला.

"म्हणजे माझ्या घराला संत आहे," ग्लिशाबाबा म्हणाले. "घर तेवढं बंद होतं. आता उघडलंय."

"मग तुम्हाला नक्की काय करायचंय?"

"जन्मभर लोकांच्या दारात बाटली घेऊन उभा राहिलो, जावईबापू. एकदा दाराच्या आतल्या बाजूला उभं राहायचंय. कोणीतरी यावं आणि मी म्हणावं, या."

नेवेंका उठून उगीचच भांडी घासायला लागली. मी रिकामा चमचाच तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी मी कुंपणावरून व्लास्ताला एवढंच विचारलं, की संग्रहालयापाशी गाडी कुठे लावतात. प्रश्न गाडीचा होता, उत्तर पावाचं आलं. व्लास्ता म्हणाला, स्लावेचा पाव वेगळा, त्यावर कणकेची कबुतरं आणि द्राक्षं लागतात, आणि उपासाचे दिवस आहेत तेव्हा अंडं-दूध चालणार नाही, मासा चालतो. त्याची बायको रादोयका खिडकीतून म्हणाली, उकडलेले गहू साखर-अक्रोड घालून ठेवायला विसरू नका, त्याच्याशिवाय पाहुण्याने दारात काय घ्यायचं? पलीकडच्या कुंपणावरून मेणबत्ती अस्सल मेणाची घ्या असा आवाज आला. तो कोणाचा ते मला आजवर कळलेलं नाही. मासा तळ्यातलाच हवा, नदीतल्याला चिखलाचा वास येतो, हे मला टपालवाल्याने सांगितलं. संध्याकाळपर्यंत माझ्या एका गाडीच्या प्रश्नातून चाळीस माणसांचं जेवण निघालं होतं.

मी आपला भाबडेपणाने व्लास्ताला म्हटलं, "तुम्ही याल ना मग?"

तो बर्फाकडे बघायला लागला. आता चूक माझीच होती. एक तर स्लावेचं आमंत्रण द्यायचं नसतं. ज्याला यायचं तो येतो, न बोलावता. दुसरं म्हणजे ज्याच्या घरी स्लावा तो घरधनी त्या दिवशी उंबरा सोडत नाही, आणि ज्याच्या घरी नाही त्याची घरं ठरलेली असतात. एका घरी एकदा गेलात की दरवर्षी जायचं. एक वर्ष चुकवलं तर घरात कोणी वारलं का, म्हणून चौकशी येते. व्लास्ता म्हणाला, "आमंत्रण करत नाहीत, एवढं तरी सासऱ्यांनी शिकवायचं तुम्हाला." मी मान खाली घालून घरात आलो. पहिल्यांदाच माझ्या डोक्यात आलं, की सगळं होईल, पाव होईल, मासा होईल, आणि येणार कोणीच नाही.

संग्रहालयाच्या प्रमुख ल्युबिंकाबाई. बाई वाईट नाहीत, पण कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा, की त्या हलल्या की आधी आवाज येतो आणि मग बाई. त्यांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आत अन्न नाही, पेय नाही, ज्योत नाही आणि वास येणारं काहीही नाही. आणि निकोलाच्या दिवशी संग्रहालय बंदच असतं, कारण त्यांच्या सासरी स्लावा आहे.

"पण पाहुणे येणार हो," मी म्हटलं. तेव्हा माझा तरी कुठे विश्वास होता.

"संग्रहालयात पाहुणे नसतात," बाई म्हणाल्या. "प्रेक्षक असतात."

मग मी नगरपालिकेत गेलो. सांस्कृतिक विभागाने अग्निशमनाकडे धाडलं, अग्निशमनाने मालमत्ता विभागाकडे. मालमत्तेतला गृहस्थ जुन्या सुपरिंटेंडेंटशी बोलावं तसा आदराने बोलला आणि म्हणाला, निकोला होऊन जाऊ द्या, मग निवांत बघू. मी म्हटलं, अहो, निकोलाचंच काम आहे. तो म्हणाला, तेच सांगतोय, निकोलाच्या आधी कोण सही करणार, सगळे माशाच्या रांगेत आहेत. बाहेर आलो तर खरंच सांस्कृतिक विभाग माशाच्या रांगेत उभा होता. मीही जाऊन त्याच्यामागे उभा राहिलो. मासा तरी मिळाला.

शेवटी ग्लिशाबाबा स्वतः काठी टेकत ल्युबिंकाबाईंकडे गेले. मी मागे उभा होतो. बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "आजोबा, ही नगरपालिकेची मालमत्ता आहे."

"असेल," बाबा म्हणाले. "पण त्या तिसऱ्या खांबावर आपटून माझा दात पडलाय. तो दात मालमत्तेत धरलाय का?"

बाई खांबाकडे बघत बसल्या. मग त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि एकेक शब्द मोजून बोलायला लागल्या. संग्रहालय बंद असतं त्या दिवशी आत फक्त नोकरवर्ग थांबू शकतो. तेव्हा एक दिवसाचा बिनपगारी पहारेकरी नेमता येईल. पहारेकऱ्याला घरून डबा आणायची मुभा आहे. डबा किती मोठा, ते नियमात नाही. पहारेकऱ्याला कोणी भेटायला आलं तर त्यांना दिसणार नाही, कारण त्या घरी असतील. मेणबत्ती आत चालणार नाही. खिडकीबाहेरचा दगडी कट्टा मात्र रस्ते विभागाकडे येतो, त्यावर त्यांचा अधिकार नाही. बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायच्या, त्याला मात्र इलाज नाही, फरशी जुनी आहे.

पहारेकऱ्याला वयाची अट होती. म्हणून नेमणूक माझी झाली. ज्याच्या सहीशिवाय गावाला पाणी मिळत नव्हतं, त्या माणसाच्या डोक्यावर कानापर्यंत येणारी टोपी आणि छातीवर बिल्ला. नेवेंका म्हणाली, शोभते तुम्हाला. बायकोचं प्रेम असं वेळ साधून येतं.

निकोलाच्या दिवशी सकाळी बर्फ पडत होता. आम्ही डबा आत नेला. तीन फेऱ्या लागल्या. जेवणघरात लांब टेबल होतं, टिनचे वाडगे होते, आणि संग्रहालयवाल्यांनी बाकावर प्लॅस्टरचा एक मुलगा बसवला होता, हातात चमचा दिलेला. ग्लिशाबाबांनी त्याला नीट न्याहाळलं. म्हणाले, एवढे गाल आमच्यात कुणाचेच नव्हते.

पाद्रीबाबा घरोघरचे पाव कापत गावभर पळत होते. ते धापा टाकत आले, लांब झग्याखाली निळ्या पिशव्या घातल्या आणि म्हणाले, घरातल्या माणसांची नावं सांगा, लवकर, अजून बरीच घरं आहेत. प्रार्थनेत घरातल्यांची नावं घ्यायची असतात. मी म्हटलं, ग्लिशा, नेवेंका, स्वेतोझार. ग्लिशाबाबांनी मला हाताने थांबवलं.

"पेर्सा," ते म्हणाले. मग झोपायच्या खोलीतल्या, दाराकडच्या पहिल्या खाटेवरच्या पोरापासून सुरुवात केली. दानिलो, व्लायको, दोन्ही मिलुतिन, खोकणारा सावा... एक रांग संपली की दुसरी. नावं संपेनात. पाद्रीबाबांनी घड्याळाकडे बघितलं, मग घड्याळ बाहीत ढकलून दिलं. मध्येच त्यांनी हळूच विचारलं, "यातले हयात किती? गेलेल्यांची प्रार्थना वेगळी असते."

"ते मला ठाऊक नाही," ग्लिशाबाबा म्हणाले. "सगळ्यांना जिवंत धरा."

पाद्रीबाबांनी सगळ्यांना जिवंत धरलं. मग दोघांनी पाव हातात घेऊन फिरवला, मोडला, त्यावर लाल वाईन ओतली, आणि पाद्रीबाबा पिशव्या काढायचं विसरून तसेच बर्फातून पुढल्या घरी पळाले.

त्यानंतर काहीच घडलं नाही. म्हणजे काहीच नाही.

नेवेंका मासा तळायला घरी गेली. आत तळायची बंदी होती आणि गार मासा पाहुण्याला देणं तिला मान्य नव्हतं. मी बाहेर. का, तर मेणबत्ती. खिडकीच्या कट्ट्यावर ती पेटवली होती आणि वरून बर्फ. तेव्हा पहारेकऱ्याने मेणबत्तीवर छत्री धरून उभं राहायचं असं ठरलं. ठरवणाऱ्यात मी नव्हतो. सुटाबुटातली माणसं बाटल्या घेऊन समोरून जात होती, प्रत्येक जण आपापल्या ठरलेल्या घरी. एक जण म्हणाला, काय सुपरिंटेंडेंट, बढती झाली वाटतं. दुसऱ्याने विचारलं, मेणबत्तीला ताप आहे का? मी जुन्या सवयीने म्हटलं, तक्रार लेखी द्या. पण कोणी थांबत नव्हतं. पाठमोरे होऊन किती जण गेले, ते मी मोजायचं सोडून दिलं.

खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं. स्लावेच्या दिवशी घरधनी बसत नाही, पाहुण्यांना उभ्याने वाढतो. पाहुणाच नव्हता, तरी म्हातारा बसेना. दाराजवळ उभा, एक हात गव्हाच्या वाडग्याशी, दुसऱ्याने तो मेला गुडघा दाबतोय. बाहेर पावलं वाजली की सूट ओढून ताठ व्हायचा. पावलं पुढे गेली की पुन्हा गुडघा. असं किती वेळा झालं, मला बघवेना. मनातल्या मनात मी व्लास्ताला, रादोयकाला आणि त्या टपालवाल्याला अशा शिव्या दिल्या, की मोठ्याने दिल्या असत्या तर मेणबत्ती विझली असती.

मग बाबा टेबलाशी गेले. प्लॅस्टरच्या पोराच्या पुढ्यात त्यांनी गव्हाचा वाडगा सरकवला. पेल्यात वाईन ओतली. थोडा विचार केला, पोर लहान आहे हे लक्षात आलं असावं, पेला परत घेतला आणि पाणी ओतून ठेवलं.

आता मात्र माझ्याच्याने राहवेना. छत्री खिडकीच्या झडपेत खोचली. टोपी काढून खिशात कोंबली, केस ओले करून बसवले, बिल्ला उलटा केला. गाडीत पेट्रोलपंपावरून आणलेली एक प्लमच्या दारूची बाटली होती, ती काखेत मारली. आणि दाराशी जाऊन घंटा वाजवली. ज्या दाराची किल्ली माझ्याच खिशात होती, त्या दाराची.

दार उघडलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता म्हणेल, जावईबापू, मेणबत्तीपाशी कोण आहे?

"स्लावा सुखाची जावो, घरधनी," मी म्हटलं. आवाज जरा भलताच निघाला.

"या," ग्लिशाबाबा म्हणाले. मग माझे दोन्ही खांदे धरून त्यांनी रिवाजाप्रमाणे तीनदा गाल लावले. त्यांचा गाल ओला होता. माझाही होता, पण मी बर्फातून आलो होतो. मी चमचाभर गहू तोंडात घातला, पिशव्या चढवल्या आणि बाकावर बसलो. माझ्यासाठी घरधनी उभ्याने वाढत होता. इतकी वर्षं त्या माणसाच्या घरात राहिलो, पण तो मला एकदाही 'या' म्हणाला नव्हता. म्हणणार कसा? मी कायम आतच असायचो.

मी पाव मोडतोय तोच बाहेर गलका झाला. बघतो तर व्लास्ता. स्वतःच्या घरी स्लावा असताना उंबरा सोडून आलेला, आणि मागे त्याचे सगळे पाहुणे, हातात आपापल्या खुर्च्या. दारातच म्हणाला, "माझ्याकडे पहिला पाहुणा ग्लिशा. तो आल्याशिवाय मी बाकीच्यांना वाढू कसा? सकाळपासून सगळे उपाशी बसलेत. आणि तो माझ्याकडे इतक्यांदा आला, मी त्याच्याकडे कधी गेलोच नाही, हे आज रादोयकाने माझ्या तोंडावर मारलं." रादोयका त्याच्यामागे पातेलं घेऊन उभी होती. ती म्हणाली, मारायलाच हवं होतं, इतकी वर्षं उशीर झाला.

मग बांध फुटला. म्हातारा ज्या ज्या घरी दरवर्षी जायचा, त्या त्या घरी त्याची वाट बघत होते. तो आला नाही म्हटल्यावर चौकशी निघाली, आणि टपालवाल्याने पत्ता सांगितला. मनातली शिवी मी तिथल्या तिथे मागे घेतली. निळ्या पिशव्या संपल्या, मग एका माणसाला एकच मिळाली, आणि लोक एका पायावर तोल सांभाळत आत आले. प्लॅस्टरच्या पोराच्या मांडीवर कोणीतरी कोट टाकले. नेवेंका गरम मासा घेऊन आली आणि दारातच रडायला लागली. तिच्या हातातलं ताट मी सावरलं, अर्धा मासा फरशीवर गेला. ग्लिशाबाबांचं एकच चाललेलं, दारात जा, 'या' म्हणा, गाल लावा. गुडघ्याचं नाव नाही.

गर्दीत अचानक किल्ल्यांचा आवाज आला आणि सगळे चिडीचूप झाले. ल्युबिंकाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, ठेवणीतल्या कपड्यात, बरोबर नवरा. त्यांनी वाईनचे पेले बघितले, फरशीवरचा मासा बघितला, पोराच्या मांडीवरचे कोट बघितले. खिशातली टोपी काढून मी घाईघाईने डोक्यावर घातली.

"या," ग्लिशाबाबा म्हणाले.

बाई मग आत आल्या, चमचाभर गहू घेतला आणि म्हणाल्या, "स्लावा सुखाची जावो, घरधनी." आणि जाता जाता माझ्या कानाशी, "पहारेकरी, डबा जरा मोठाच झालाय."

अंधार पडायला लागला तशी माणसं पांगली. प्रत्येकाच्या घरी अजून पाहुणे होते. नेवेंका भांडी घेऊन रादोयकाबरोबर पुढे गेली. फरशी मी पुसली, कारण ती जुनी होती आणि मी नोकरवर्ग होतो. मग टोपी काढली आणि म्हटलं, चला बाबा, गाडी दारातच आहे.

बाबांनी माझा कोट आणला आणि माझ्यासाठी धरला. मी हात घातले. त्यांनी कॉलर नीट केली.

"आलात, फार बरं वाटलं," ते म्हणाले. "पुढल्या वर्षीही या."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. म्हणणार होतो की अहो, आपल्याला दोघांना एकाच घरी जायचंय. नाही म्हटलं. "येतो," म्हटलं, आणि बाहेर पडलो.

ते माझ्यामागे उंबऱ्यापर्यंत आले. पाहुणा दिसेनासा होईपर्यंत घरधनी दार लावत नाही. तेव्हा मी माझ्याच गाडीवरून पुढे गेलो, बर्फातून चालत चालत. मागे वळून हात केला, त्यांनीही केला. बेकरीचा कोपरा आला तसा वळलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. थोड्या वेळाने त्या दाराचा आवाज आला. आतून लावलं.

लगेच परत गेलो नाही. म्हटलं, म्हातारा सकाळपासून उभा आहे, आपल्या घरात जरा बसू दे त्याला.